बोट लागली की अन्न बाधले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वसाहतीच्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी मी दोन तास बसतो. कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचा प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती, अशी कामे असतात. पेशाच कारकुनाचा असल्यामुळे कागद वाचायचा मला कंटाळा नाही. त्या दिवशी मागच्या चाळीतल्या ताई आपल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा परदेशी पर्यटन-जहाजावर नोकरीला आहे. पहिले नऊ महिन्यांचे कंत्राट पुरे करून तो नुकताच घरी आला होता.

"भाऊ, याचं दुसरं कंत्राट आलंय. सगळं इंग्रजीत आहे. सही करायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाका," ताई म्हणाल्या. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पहिल्याच खेपेला पोराला बोट लागली हो. दोन दिवस पोटात पाणी ठरलं नाही. त्यात आई जवळ नाही."

मुलगा खाली मान घालून बसला. ताई घरी गेल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, मला बोट लागली नव्हती."

मग त्याने जे सांगितले ते ऐकून मीही गप्प झालो. त्याचे काम जहाजाच्या भटारखान्यात, भांडी धुण्याच्या खात्यात. कामावर चढून सहा आठवडे झाले होते. एका रात्री दोनचा सुमार असेल, अचानक पोटात ढवळून उलटी झाली. मग पुन्हा एक. पहाटेपर्यंत तीन वेळा जुलाब. केबिनमधला सोबती वयाने मोठा, जुना माणूस. तो म्हणाला, "बोट लागली म्हणून सांग आणि गप्प कामावर जा. नवा आहेस. आजारी म्हटलंस तर खोलीत कोंडतील आणि पगार कापतील." हा बिचारा घाबरला. घरी कर्जाचा हप्ता होता. सकाळी कामावर गेला. धुतलेल्या ताटांच्या चळती उचलून ठेवायचे काम त्याच्याकडे होते. चार तास कसेबसे काढले. मग चक्कर आली, तेव्हा मुकादमाने त्याला दवाखान्यात नेले. नर्सने पहिला प्रश्न विचारला, "उलटी कधी सुरू झाली?" याने खरी वेळ सांगितली. त्यावर नर्स रागावली नाही. तिने फक्त घड्याळाकडे पाहिले आणि कागदावर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तो केबिनमधला सोबतीही आजारी पडला.

"काका, त्या चार तासांत किती ताटांना माझा हात लागला असेल?" त्याने मला विचारले.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले. तेच आज आपल्यापुढे ठेवत आहे. आपल्यातली बरीच मुले आज हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेऊन जहाजावर जातात. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या पर्यटन-जहाजांच्या सहलीही २०१८ पासून सुरू झाल्या आहेत. म्हणजे जहाज आता आपल्या घरापर्यंत आले आहे. त्यावरचे आजारपण काय असते हेही माहीत असायला हवे.

बोट लागणे वेगळे

आपल्या भाषेत गाडी लागते, तशी बोट लागते. समुद्र खवळला, जहाज डोलू लागले की डोळ्यांना एक दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला दुसरेच जाणवते. या गोंधळातून मळमळ होते, गार घाम सुटतो, उलटी होते. मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहत बसले की बरे वाटते. समुद्र शांत झाला की त्रास जातो. हा त्रास एकाचा दुसऱ्याला होत नाही.

अन्न बाधले किंवा पोटाचा संसर्ग झाला तर गोष्ट वेगळी. त्यात उलटीबरोबर जुलाब होतात, पोटात कळा येतात, अंग दुखते, कधी ताप येतो. समुद्र आरशासारखा शांत असला तरी त्रास थांबत नाही. मुख्य म्हणजे हा आजार पसरतो. म्हणून जुलाब सुरू झाले की "बोट लागली" हे उत्तर चालणार नाही. नेमके हेच उत्तर सर्वांत सोयीचे असते, आणि त्यामुळेच ते सर्वांत जास्त दिले जाते.

तरंगते गाव

मोठे पर्यटन-जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारे गाव. तीन-चार हजार प्रवासी आणि हजार-बाराशे कामगार एकाच छपराखाली आठ-दहा दिवस राहतात. सगळ्यांचे पाणी एका यंत्रणेतून येते. समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याची यंत्रे जहाजावर असतात, शिवाय बंदरात लागल्यावर तिथले पाणी टाक्यांत भरून घेतात. जेवण ठरावीक भटारखान्यांत शिजते. जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणे, वाढायचे चमचे आणि चिमटे यांना दिवसभरात हजारो हात लागतात. गावात एका विहिरीचे पाणी बिघडले तर निदान दुसऱ्या विहिरीवर जाता येते. इथे दुसरी विहीर नाही.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात १९७० ते २००३ या काळात प्रवासी जहाजांवर अन्नातून झालेल्या ५० साथींची छाननी केलेली आहे. त्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे आजारी पडली होती. कारणे पाहिली तर ती आपल्या कोणत्याही सार्वजनिक पंगतीला लागू पडतील अशीच आहेत. अन्न पुरेसे गरम किंवा पुरेसे थंड न ठेवणे, नीट न शिजवणे, कच्च्याचा हात शिजलेल्याला लावणे, मुळातच खराब माल येणे, आणि आजारी माणसाने अन्न हाताळणे.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण पाण्याचे. १९७४-७५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या दोन पर्यटन-जहाजांवर मिळून सुमारे ७०० प्रवाशांना जुलाब झाले. व्हिब्रिओ जातीचा एक जंतू सापडला. हा समुद्राच्या पाण्यात राहतो. मासळी शिजवताना तो मरायला हवा होता. मग तो पोटात गेला कसा? तपासात असे दिसले की आग विझवण्यासाठी जहाजात समुद्राचे पाणी खेळवलेले असते, त्या नळाचे पाणी शिजलेल्या मासळीला लागले असावे. शिजवण्याचे सगळे श्रम त्या पाण्याने वाया घालवले.

दुसरे उदाहरण बर्फाचे. १९९७-९८ मध्ये तीन जहाजांवर ई. कोलाय या जंतूच्या एका जातीमुळे जुलाबाच्या साथी आल्या. परदेशी बंदरांत भरून घेतलेले पाणी हे त्याचे मूळ असावे असे दिसले. ज्यांनी बाटलीबंद नसलेले पाणी प्याले आणि ज्यांनी बर्फ घातलेली पेये घेतली, त्यांच्यात आजार जास्त होता. आपणही पाणी उकळून पितो आणि सरबतात मात्र गाडीवरचा बर्फ टाकतो. बर्फ म्हणजे पाणीच आहे, हे विसरायला होते. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबर १९८९ मध्ये एका पर्यटन-जहाजावर ५१२ प्रवाशांपैकी १४ टक्के आणि ३८८ कामगारांपैकी ३ टक्के आजारी पडले. तेरा जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. आजार होता शिगेला जंतूची हगवण, आणि तीही अनेक औषधांना दाद न देणारी. बटाट्याच्या कोशिंबिरीतून ती पसरली होती. कोशिंबीर आधी जिथे तयार झाली तिथल्या आणि नंतर जहाजावरच्या, अशा दोन्ही ठिकाणच्या आजारी हातांतून जंतू तीत गेले.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, कामगार घाणेरडे. पण तपास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आणखी एक वाक्य लिहून ठेवले आहे. भटारखान्यातल्या कामगारांना शौचालयाची पुरेशी सोय नव्हती, आणि त्यामुळे आजार पसरायला मदत झाली असावी, असे त्यांनी नोंदवले. हजारो रुपयांचे तिकीट काढणाऱ्याच्या ताटात जे आले त्याचे एक मूळ असे होते. ज्याच्या हातचे खायचे त्याला हात धुवायला जागा, साबण आणि वेळ दिला पाहिजे. तो दिला नाही तर वरच्या मजल्यावरची झुंबरे आणि पांढरे रुमाल काही कामाचे नाहीत.

अशी हगवण जीवही घेऊ शकते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या एन्सेनाडा बंदराकडे गेलेल्या 'व्हायकिंग सेरेनेड' या जहाजावर शिगेलाचीच साथ आली. त्यात ५८६ प्रवासी आजारी पडले आणि एक वृद्ध प्रवासी दगावला.

दहा-वीस कणांची करामत

अलीकडे जहाजावर पोटाची साथ आली की बहुतेक वेळा गुन्हेगार एकच निघतो. त्याचे नाव नोरोव्हायरस. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत निम्म्या मुला-माणसांना एकाएकी उलट्या-जुलाब झाले. पुढे १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या साथीचा विषाणू दाखवून दिला. गावाच्या नावावरूनच विषाणूचे नाव पडले.

हा विषाणू फार चिवट आहे. पोटात दहा-वीस कण गेले तरी आजार होऊ शकतो, आणि आजाऱ्याच्या एका उलटीत असे कोट्यवधी कण असतात. संसर्ग झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते. मात्र बरे वाटल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ शौचातून विषाणू जात राहतो. कोविडच्या काळात आपल्याला हातावर सॅनिटायझर चोळायची सवय लागली. या विषाणूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि वाहते पाणी हेच खरे औषध. जमीन आणि संडास पुसायला क्लोरीनचे ब्लीच लागते.

जानेवारी २०१४ मध्ये 'एक्सप्लोरर ऑफ द सीज' हे जहाज अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातून दहा दिवसांच्या सहलीवर निघाले. त्यावरचे ३,०७१ प्रवाशांपैकी ६३४ आणि १,१६६ कामगारांपैकी ५५ आजारी पडले. सहल दोन दिवस आधी गुंडाळून जहाज परत आणावे लागले. कारण होते नोरोव्हायरस.

या आकड्यांचा ताळा करून पाहा. प्रवाशांमध्ये शंभरात वीस आणि कामगारांमध्ये शंभरात पाच आजारी. जहाजावर साथ आली की पहिले बोट कामगाराकडे दाखवले जाते. पण पुष्कळदा विषाणू प्रवाशाबरोबरच चढतो. कुणी घरातूनच आजार घेऊन येतो. सहलीचे पैसे भरलेले असतात, आजारी म्हटले तर जहाजावर घेणार नाहीत, म्हणून चढताना आरोग्याच्या कागदावर "काही त्रास नाही" असे लिहितो. जहाजावर आजारी पडला तर खोलीत बसावे लागेल, डॉक्टरची फी पडेल, म्हणून लपवतो. मग जेवणाच्या टेबलावर जाऊन चिमट्याने फळ उचलतो. त्याच चिमट्याला पुढच्या शंभर जणांचा हात लागतो. म्हणूनच साथ आली की जहाजावर स्वतःच्या हाताने वाढून घेणे बंद करतात आणि कामगार वाढतात.

कामगार पगारासाठी लपवतो, प्रवासी मौजेसाठी लपवतो. पोटाच्या आजाराला जहाजावर पाय फुटतात ते या लपवण्यामुळे.

हिशेब ठेवल्याने काय होते

मी हिशेबातला माणूस आहे. म्हणून पुढचा भाग मला फार पटला. १९७० च्या दशकात जहाजांवर अशा साथी वाढू लागल्या तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जहाज-स्वच्छतेचा एक कार्यक्रम सुरू केला. या केंद्राचे लघुनाव सीडीसी. आपल्या जहाजावरच्या मुलांना सीडीसी म्हटले की नाविकाची नोंदवही आठवते. ती वेगळी आणि ही संस्था वेगळी.

या कार्यक्रमाचे सूत्र साधे आहे. परदेशातून अमेरिकन बंदरात येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांची आगाऊ सूचना न देता तपासणी करायची. शंभरपैकी गुण द्यायचे. ८५ किंवा त्याहून कमी आले तर नापास. कोणत्या जहाजाला किती गुण पडले हे सर्वांना वाचता येईल असे जाहीर करायचे. थंड अन्न ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि गरम अन्न ५७ अंश किंवा त्यावर ठेवायचे, कारण मधल्या उबेत जंतू भराभर वाढतात. बंदरात पाणी भरताना त्यात क्लोरीन घालून मोजायचा, आणि लांबच्या नळापर्यंत तो पोचतो की नाही तेही पाहायचे.

याहून महत्त्वाचे म्हणजे आजाऱ्यांची वही. दिवसाला तीन किंवा अधिक जुलाब, अथवा उलटीबरोबर आणखी एखादे लक्षण असेल तर तो रुग्ण म्हणून लिहायचा. बंदर येण्याआधी आकडा कळवायचा. प्रवाशांमध्ये किंवा कामगारांमध्ये शेकडा दोन आजारी झाले की तातडीने कळवायचे, आणि शेकडा तीन झाले की साथ म्हणून नाव जाहीर होते. अन्न हाताळणारा कामगार आजारी पडला तर लक्षणे थांबल्यानंतर निदान ४८ तास त्याला कामावर घ्यायचे नाही.

मला आता कळले की त्या नर्सने घड्याळाकडे का पाहिले. तिला त्या मुलावर ठपका ठेवायचा नव्हता. कधीपासून मोजायचे हे तिला हवे होते.

अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी फक्त एक टक्का आहेत, असे तिथली संस्थाच सांगते. बाकीच्या वृद्धाश्रम, शाळा, हॉटेले अशा ठिकाणी होतात. जहाजाचे नाव एवढे का गाजते? कारण तिथे मोजतात आणि सांगतात. जिथे वहीच नाही तिथे आजार नसतो असे नाही, फक्त आकडा नसतो.

आजारी म्हणायचा हक्क

आता त्या मुलाच्या भीतीकडे येतो. "पगार कापतील" ही भीती खरी होती का? मी त्याचे जुने आणि नवे कंत्राट शब्दकोश घेऊन वाचले. आजारपणाचे कलम दोन्हींत होते. जहाजावर असताना आजारी पडल्यास वेतन चालू राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याने ते कधी वाचलेच नव्हते. त्याच्या जुन्या सोबत्यानेही वाचले नसावे. दोन्ही आजारी दिवसांचे वेतन त्याला मिळाले होते, हे त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्यांवरून मी त्याला दाखवून दिले.

हे कुण्या मालकाचे औदार्य नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सागरी कामगार करार २००६ साली झाला आणि ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. जहाजावर कोणत्याही हुद्द्यावर काम करणारा माणूस त्यात येतो. इंजिनखोलीतला जसा येतो तसा भांडी धुणाराही येतो. नोकरीत असताना आजारी पडलेला कामगार जहाजावर आहे तोवर त्याला पूर्ण वेतन, जहाजावर मोफत औषधोपचार, मोफत चांगले अन्न आणि पिण्याचे पाणी, २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती, एवढे त्यात लिहिलेले आहे.

अर्थात कागदावरचे सगळे हातात पडते असे मी म्हणणार नाही. टिपांवर ज्याचे घर चालते त्याच्या टिपा आजारपणात बुडतात, त्या कुणी भरून देत नाही. पुढच्या कंत्राटाला बोलावतील की नाही ही धास्ती असते. पण हक्क माहीत असलेला माणूस निदान पहिल्या तासाला तोंड उघडतो. माहीत नसलेला चार तास ताटे उचलतो. म्हणून ज्यांची मुले जहाजावर निघाली आहेत त्या आई-वडिलांना माझी विनंती आहे. सही करण्याआधी आजारपणाचे कलम, कामाच्या तासांचे कलम आणि परत आणून सोडण्याचे कलम कुणाकडून तरी वाचून घ्या. इंग्रजी येत नाही याची लाज नको. न वाचता सही करू नका.

आजारी पडल्यास काय करावे

कामगार असो वा प्रवासी, पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

उलटी-जुलाब सुरू झाले की ताबडतोब जहाजाच्या दवाखान्यात कळवावे. सुरुवातीची खरी वेळ सांगावी. सांगितले तेवढा काळ खोलीतच राहावे.

जेवणापूर्वी आणि शौचानंतर हात साबणाने निदान वीस सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुवावेत. नखे कापलेली असावीत.

बंदरावर उतरल्यावर उघड्यावरचे कापलेले फळ, कच्चे शिंपले-कालवे, अनोळखी पाण्याचा बर्फ टाळावा. गरम वाफाळते अन्न घ्यावे. साल काढून खायचे फळ आपल्याच हाताने सोलावे.

उलट्या-जुलाबात खरा धोका शरीरातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. त्यावर जलसंजीवनी हे उत्तम औषध. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत निर्वासितांमध्ये पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचवले. आज जगातल्या मोठ्यात मोठ्या जहाजावरही जुलाबाच्या रोग्याला प्रथम तेच देतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे.

शौचातून रक्त पडणे, खूप ताप, लघवी बंद होणे, डोळे खोल जाणे, गुंगी येणे, यांपैकी काही दिसल्यास वेळ घालवू नये. डॉक्टरकडेच न्यावे. लहान मूल, गरोदर बाई आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये. स्वतःच्या मनाने जंतुनाशक गोळ्या घेऊ नयेत. विषाणूवर त्या चालत नाहीत.

आपल्या पंगतीतही

हे सगळे वाचताना मला आपल्याच वसाहतीतले कार्यक्रम आठवले. लग्न असो की जयंतीचे भोजन, पहाटे शिजलेला भात दुपारी दोनला वाढतो. मठ्ठ्यात कुठला बर्फ पडतो ते कुणी विचारत नाही. वाढणाऱ्या पोराचे पोट बिघडलेले असले तरी "एवढं काम उरक, मग झोप" असे आपणच सांगतो. मीही सांगितलेले आहे. जहाजावर निदान एक नर्स वही घेऊन बसलेली असते. आपल्याकडे ती वही आपणच झाले पाहिजे. यापुढे आमच्या मंडळाच्या भोजनात ज्याचे पोट ठीक नाही त्याला अन्नाला हात लावू द्यायचा नाही, त्याला खुर्च्या मांडायचे काम द्यायचे, आणि हात धुवायच्या जागी साबण ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे. खर्च म्हणाल तर साबणाच्या चार वड्या.

त्या संध्याकाळी मुलाच्या प्रश्नाला मी एवढेच म्हणालो, "किती ताटांना हात लागला ते आता कळणार नाही. पण तू नर्सला खरी वेळ सांगितलीस, म्हणून पुढचं थांबवायला त्यांना वाव मिळाला. आता पुढच्या खेपेला पहिल्या उलटीलाच सांग. आणि नव्यानं येणाऱ्या पोरालाही सांग."

पुढच्या रविवारी तो सही केलेला कागद दाखवायला आला. बरोबर ताईही होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, यानं मला सगळं सांगितलं. मी आपली चाळभर बोट लागली म्हणून सांगत फिरत होते." थोडे थांबून त्या मुलाकडे वळल्या. "त्यात लाजायचं काय होतं रे? आजार झाला होता, चोरी नव्हती केलीस. आता मी खरं तेच सांगेन."

गेल्याच महिन्यात तो पुन्हा जहाजावर गेला. जाताना "जयभीम काका" म्हणून निरोप घ्यायला आला, तेव्हा कंत्राटातल्या आजारपणाच्या कलमाचा मराठीत लिहून दिलेला कागद त्याने खिशातून काढून मला दाखवला. म्हणाला, "केबिनच्या दाराला आतून चिकटवणार आहे. सोबती कुणीही असो, वाचेल तरी." सोबत्याला मराठी येत नसेल तर काय, असे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, "मग मी वाचून दाखवीन."